१.३ डिझेल (स्विफ्ट-डिझायरवालं): थंड स्टार्टला दोन सेकंद खर्रर्र... चेन गेली का?

मी_रामबागकर
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी.

बाबांची डिझायर आहे, डिझेल, २०१३ची, काट्यावर १ लाख ३४ हजार. बाबा रिटायर झाल्यापासून गाडीचं आयुष्य म्हणजे इथे इंदुरात रामबाग ते राजवाडा आणि राजवाडा ते रामबाग, भाजी, बँक, दवाखाना, आणि वर्षातून दोनदा पुण्याला ताईकडे. गेले पंधरा दिवस सकाळी पहिल्यांदा सेल मारला की बॉनेटखालून खर्रर्र आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात चणे घालून हलवल्यासारखा, दोन-अडीच सेकंद, आणि मग एकदम गायब. दिवसभरात कितीदाही बंद-चालू करा, येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर.

तीन जणांना दाखवली. पहिला म्हणाला "साब चेन बज री है, खुलवा लो." दुसरा म्हणाला "डीजल है भिया, आवाज तो करेगी, चलाते रहो." तिसऱ्याने सांगितलं जाडं ऑइल टाका, आवाज दबून जाईल. बाबा अर्थातच दुसऱ्याच्या बाजूने आहेत कारण तो फुकटातला आहे.

मी बँकेतला माणूस, इंजिनातलं शून्य कळतं. मुळापासून सांगितलंत तरी चालेल, पोहे खाऊन बसलोय.

डिझेलआजोबा
दुसरा बरोबर. आमच्या अँबेसिडरचा आवाज छावणीत निघालो की पलासियाला ऐकू यायचा. २२ वर्षं चालली. आजकाल पोरांना गाडी पण एसीसारखी गप्प पाहिजे.

स्पॅनर_हातात
आजोबा नमस्कार, पण अँबेसिडरचं आणि ह्याचं गणित वेगळं आहे हो. रामबागकर, मी पिथमपूरला याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत जे इंजिन आहे ते मुळात मारुतीचं नाही, ते फियाटचं १.३ मल्टिजेट. २००३ साली फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या जोडकंपनीने आणलं, युरोपात ओपेल कोर्सात तेच, फियाटच्या छोट्या गाड्यांत तेच. आपल्याकडे २००७च्या जानेवारीत स्विफ्ट डिझेलमधून आलं आणि मग डिझायर, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझा, टाटाची व्हिस्टा-मांझा, फियाटची पुंटो-लिनिया, सगळीकडे हेच. मारुतीने मनेसरला बनवलं, फियाटने आपल्या रांजणगावला. लोक याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे ते उगाच नाही. २००५ला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयरमध्ये १ ते १.४ लिटरच्या गटात पहिलं आलं होतं.

आता आकडे. बोअर ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८२, चार सिलिंडर. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःच करून बघा, १२४८ सीसी येतं. म्हणजे पिस्टन बारीक आणि धाव लांब. १६ व्हॉल्व्ह, ते उघडणारे दोन फिरते दांडे म्हणजे कॅमशाफ्ट वर, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तुमच्या गाडीतलं ७५ पीएस ४००० आरपीएमला आणि १९० एनएम २०००ला. एर्टिगा, एसएक्स४मध्ये ह्याचंच ९० पीएसवालं आलं, ज्यात टर्बोची पाती हलतात, आणि ते २०० एनएम १७५०लाच देतं. तुमच्यात टर्बो साधा आहे, पाती हलत नाहीत.

आणि कॅमशाफ्ट फिरवते ती चेन. पट्टा नाही. इथेच सगळी गंमत आहे, पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता शिफ्टची बस आली.

मेधा_सुदामानगर
बसमधून लिहा की. आम्ही वाट बघतोय.

अलकापुरी_एक्सप्रेस
तोवर मी घुसतो. वडोद्याहून. माझ्याकडे २०१२ची पुंटो, तेच १२४८, २ लाख ११ हजार झालेत आणि इंजिन अजून उघडलेलं नाही, लाकूड ठोकतो. सासुरवाडी इंदूर असल्याने गोध्रा-दाहोद-झाबुआ हा रस्ता पाठ आहे. हायवेला ही गाडी म्हणजे काय सांगू, दोन हजारच्या थोडं वर काटा ठेवला की पाठीत हात लावून ढकलल्यासारखी जाते. पण शहरात १८००च्या खाली इंजिन मेलेलं असतं अक्षरशः, म्हणून लोक हाफ क्लच वर हाफ क्लच मारतात आणि मग ५० हजारांत क्लच जळाला म्हणून रडतात.

माझ्या गाडीचं रहस्य एकच आहे, मी ऑइल १० हजारला नाही, ७-८ हजारला बदलतो. सासरे म्हणतात जावई उधळ्या आहे.

स्पॅनर_हातात
आलो. अलकापुरींनी माझं अर्धं काम केलं.

तर चेन. पट्टा असतो तो ठराविक किलोमीटरला बदलायचाच असतो, डस्टरमध्ये जे १४६१ सीसीचं डिझेल यायचं त्यात पट्टा आहे. आपल्या १.३मध्ये चेन, आणि सर्व्हिसच्या तक्त्यात ती बदलायचा आकडाच नाही. म्हणून सगळे म्हणायला लागले की चेन जन्मभराची. कोणाच्या जन्मभराची ते कोणी विचारलं नाही.

लोक म्हणतात चेन ताणली. लोखंड ताणत नसतं हो. होतं काय, डिझेल जळताना काजळी होते, ती थोडीथोडी ऑइलमध्ये उतरते. ही काजळी म्हणजे बारीक पॉलिश पेपर समजा. चेनच्या प्रत्येक दुव्याला पिन असते, प्रत्येक पिन केसभर झिजते, आणि शंभरेक पिना केसभर केसभर झिजल्या की सगळी चेन मिळून लांब होते. ह्या इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. मोठ्या एसयूव्हीत सहा-सात लिटर असतं, तिथे तेवढीच काजळी जास्त तेलात पसरते. इथे थोड्या तेलावर सगळा भार, म्हणून उशीर चालत नाही.

आता तुमचा आवाज. चेनला घट्ट धरून ठेवणारा टेन्शनर आहे तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, टेन्शनर ढिला पडतो. सकाळी सेल मारला की प्रेशर चढेपर्यंत ढिली चेन कव्हरवर आणि गाइडवर, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटते. तेच तुमचे चणे. प्रेशर आलं की टेन्शनर पुढे सरकतो, आवाज बंद. नवी चेन असती तर टेन्शनर थोडा मागे असतानाही ती आपटली नसती. म्हणजे दोन शक्यता: एक, चेन लांबलीय. दोन, टेन्शनर दमलाय किंवा ऑइल पोचायला वेळ लागतोय. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतं.

आता मला सांगा, ऑइल कुठलं आहे आणि शेवटचं कधी बदललं?

मी_रामबागकर
दंडवत घ्या. चणे कळले.

बाबांच्या फाइलीतून बिलं काढली, बाबा बिलं गीतेसारखी जपतात. शेवटचं ऑइल १४ महिन्यांपूर्वी, किलोमीटर फक्त ५२००. बाबा म्हणतात १० हजार झालेच कुठे. त्याआधीची तीन बिलं आमच्या जवळच्याच एका छोट्या गॅरेजची आहेत, त्यावर नुसतं "इंजन आइल ३ ली." मी जाऊन विचारलं कुठलं टाकलं होतं, तर तो म्हणाला ड्रमवालं, १५डब्ल्यू-४०, "ट्रक में भी यही डलता है भिया, ट्रक से बड़ी है क्या आपकी गाड़ी?"

मेधा_सुदामानगर
हे वाक्य फ्रेम करून लावा.

स्पॅनर_हातात
झालं. मॅन्युअल काढा, त्यात ग्रेड लिहिलेला असेल, या इंजिनाला पातळ सिंथेटिक लागतं. ड्रमवालं ऑइल वाईट नसतं, ट्रकला ते बरोबरच आहे, पण थंडीत ते मधासारखं होतं आणि टेन्शनरपर्यंत पोचायला वेळ लावतं. आणि तो जो तिसरा म्हणाला ना जाडं टाका, त्याने गरम असताना आवाज दबेल पण सकाळी चेनला आणखी जास्त वेळ कोरडं पळावं लागेल. जुन्या गाड्या विकणारे हीच युक्ती करतात.

१० हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. "जे आधी येईल" हे तीन शब्द बाबांना वाचून दाखवा. राजवाड्यापर्यंतच्या तीन-चार किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतही नाही, ओल आणि काजळी दोन्ही ऑइलमध्ये साठत राहते. तुमचे ५२०० हे अलकापुरींच्या हायवेवरच्या १५ हजारांपेक्षा वाईट आहेत.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. जुन्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलची भानगड आहे त्यामुळे तिथून स्वस्तात निघालेल्या डिझेल स्विफ्ट-डिझायर आमच्या बाजूला खूप येतात. चकचकीत असतात, सीट कव्हर नवं, काट्यावर ६२ हजार. मागच्या वर्षी मेहुण्यासाठी अशीच बघायला गेलो. विकणाऱ्याने आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती, म्हणे एसी लावून ठेवला साहेबांसाठी. मी बॉनेटवर हात ठेवला, गरम. म्हटलं उद्या सकाळी सातला येतो, तोपर्यंत चालू करू नका. सकाळी पोचलो तर परत चालू! तिसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो तेव्हा कुठे थंड सापडली. सेल मारला आणि खर्रर्र, चार सेकंद तरी. वर ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. ६२ हजारांत रबर एवढं झिजतं होय? हात जोडले आणि चहा पिऊन परत आलो.

डिझेलआजोबा
चहा कोणी पाजला?

लष्करवाला
त्यानेच, आजोबा. माणूस वाईट नव्हता :)

मेधा_सुदामानगर
आता माझी लाजिरवाणी गोष्ट, कारण रामबागकरांचे बाबा आणि मी एकाच जातीचे, बिलं जपणारे आणि ऑइल विसरणारे. आमची एर्टिगा, ९० पीएसवालं. कोविडच्या काळात गाडी उभीच होती, नंतर एकदम फिरणं सुरू झालं, ओंकारेश्वर, महेश्वर, नाशिक, आणि ऑइल बदलायचं प्रत्येक वेळी "ह्या ट्रिपनंतर" असं होत राहिलं. २२ हजार झाले तोवर. सकाळचा खर्रर्र मला वर्षभर ऐकू येत होता, मी समजायचे खालचं कव्हर ढिलं झालंय.

ओंकारेश्वरहून परत येताना खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडच्या घाटात, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, एक ठक्क आवाज आला आणि इंजिन बंद. धूर नाही, लाल दिवा आधी नाही, काही नाही. मागे ट्रकांची रांग, मुलं मागच्या सीटवर, आणि मी बाहेर उभी राहून ओढणी हलवतेय. टो करून आणली. मिस्त्रीने हेड कव्हर उघडलं तर आत रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, तुटून पडलेले, एक-दोन नाही, पाच. चेनने दात सोडले, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटले. मिस्त्री म्हणाला नशीब समजा, रॉकर तुटले म्हणून व्हॉल्व्ह वाचले. बिल ४३ हजार. माझीच चूक, कोणाचं नाव घ्यायला जागा नाही.

रामबागकर, घाट लागेपर्यंत थांबू नका. पुण्याच्या रस्त्याला गणपती घाट आणि बिजासन दोन्ही आहेत.

मी_रामबागकर
बाप रे. ताई, हे बाबांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले, जे क्वचित होतं.

सराफा_रात्रीचा
मध्येच शंका, ईजीआर पण साफ करून घ्यायचा का? माझ्या रिट्झला पिकअप गेलाय आणि काळा धूर. एक जण म्हणतो ईजीआर बंद करून टाका, पत्री लावतो ५०० रुपयांत.

स्पॅनर_हातात
पत्री नका लावू. ईजीआर जळलेला वायू थोडा परत आत पाठवतो, त्याने आतलं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. बंद केलात तर पीयूसीवाला काही म्हणो न म्हणो, ते कायद्याने चुकीचं आहे. खोलून साफ करा. इनटेकमध्ये काजळी आणि ऑइलच्या वाफेचा काळा लगदा बसतो, चमच्याने खरवडला तर निघतो, दिसायला थेट आपल्या काळ्या तिळाच्या चटणीसारखा. महिन्यातून एकदा बायपासला नेऊन अर्धा तास नीट तापवून चालवली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे होस बघा, फाटका होस असेल तरी हीच लक्षणं. इंटरकूलरच्या पाइपात थोडं तेल दिसलं तर घाबरू नका, वाटीभर निघालं तर घाबरा.

अलकापुरी_एक्सप्रेस
अवांतर: मल्टिजेट नाव का, तर इंजिनच्या एका चक्रात पाच वेळेपर्यंत डिझेल फवारता येतं. आधीच्या युनिजेटमध्ये दोनदाच होतं. आधी दोन थेंब टाकून आत ऊब करायची, मग मुख्य, म्हणून ठकठक कमी. आणि कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल द्यायची पद्धत, ती कारसाठी तयार करायचं काम फियाटच्याच माणसांनी केलं, पण १९९४ला ते बॉशला विकून टाकलं. पहिली कार आली १९९७ची अल्फा रोमिओ १५६. स्वयंपाक केला एकानं आणि हॉटेल चाललं दुसऱ्याचं. असो, आम्ही फियाटवाले या गोष्टीवर अजून उसासे टाकतो.

डिझेलआजोबा
रामबागकर, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनच्या त्या बाजूला लावा जिथे चेनचं कव्हर आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या उलट बाजूला, मूठ कानाच्या हाडावर दाबा, पोराला सेल मारायला सांगा. पट्ट्यापासून लांब राहा, मफलर काढून ठेवा. आवाज तिथून येतोय की वरून इंजेक्टरकडून ते लगेच कळतं. मॅटाडोरच्या काळातली विद्या आहे, पण कान तेच आहेत.

स्पॅनर_हातात
आजोबा, हे एक नंबर. यावर माझी फक्त भर: स्कॅनर लावून घ्या, पी००१६ कोड असेल तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय, मग गाडी अजिबात चालू करू नका, टो करा. कोड नसेल तर आधी योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर, चार-पाच सकाळी ऐका. आवाज गेला तर वाचलात. राहिला तर पूर्ण किट: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं. नुसती चेन बदलू नका, झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हणजे नवी चप्पल घालून चिखलात. आणि टायमिंग लॉक करायची पिनची हत्यारं ज्याच्याकडे आहेत त्यालाच द्या, जो म्हणेल "खूण करके बिठा देंगे" तिथून निघा.

मी_रामबागकर
अपडेट, दहा दिवसांनी.

स्क्रू ड्रायव्हर केला. कानात सरळ चणे फुटले, आजोबा धन्य. कोड नव्हता. ऑइल बदललं, ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, फिल्टर नवा. आवाज दोन सेकंदांवरून एकावर आला पण गेला नाही. मग देवास नाक्याकडच्या एका मिस्त्रीकडे दिली, त्याच्याकडे लॉकिंगची हत्यारं होती, मी आधी ती दाखव म्हटलं तर हसला, म्हणाला "पढ़ के आए हो". पूर्ण किट आणि मजुरी मिळून साडेसोळा हजार.

बाबा सोबत आले होते, स्टूल घेऊन बसले, सहा तास. जुनी चेन निघाल्यावर मिस्त्रीने फरशीवर वर्तमानपत्र टाकलं आणि जुनी-नवी शेजारी शेजारी लांब करून ठेवली. एका टोकाला दोन्ही बरोबर लावल्या. दुसऱ्या टोकाला जुनी चेन पुढे आली होती, माझ्या करंगळीच्या नखाएवढी, जास्त नाही. टेन्शनरचा दांडा पार शेवटापर्यंत बाहेर आलेला, पुढे सरकायला जागाच उरली नव्हती. एका प्लास्टिक गाइडवर चर पडला होता आणि त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "एवढंसंच?" आणि थोड्या वेळाने खिशातून डायरी काढून तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि खाली "पुढचे ऑइल: नोव्हेंबर, कि.मी. काहीही असो".

मेधा_सुदामानगर
माझ्या ४३ हजारांच्या बिलापेक्षा साडेसव्वीस हजार वाचले तुमचे. पार्टी पाहिजे, छप्पन दुकानला.

लष्करवाला
वाखु (वाचनखूण) साठवली. मेहुण्याला पाठवतो, तो अजून गाडी शोधतोय.

सराफा_रात्रीचा
माझा ईजीआर उघडला. तिळाची चटणी होती. खरंच चमच्याने काढली. चमचा घरचा होता, त्यावरून झालेलं महाभारत वेगळ्या धाग्यात.

डिझेलआजोबा
जुनी चेन टाकली का?

मी_रामबागकर
नाही आजोबा, बाबांनी रॉकेलमध्ये धुऊन जिन्याखाली खिळ्याला टांगलीय. आई म्हणते लोखंड घरात नको, शनिवार आहे.

स्पॅनर_हातात
उद्या सकाळी थंड स्टार्टचा आवाज रेकॉर्ड करून टाका. रात्रभर उभी पाहिजे, आधी चालू करायची नाही.

मी_रामबागकर
टाकलाय. पावणेसात, बाहेर ८ अंश. ऐका आणि सांगा. मागे जो खर्रर्र आहे तो शेजारच्यांच्या शटरचा आहे, इंजिनचा नाही.